नाव नसलेली बाटली

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मला इथं कविता म्हणायला बोलावलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा. चार ओळी लिहितो, मराठीत लिहितो. कुठं छापून येतात, कुणी बोलावलं तर कविसंमेलनात म्हणूनही दाखवतो. शिक्षण बी.ए., तेही मराठी साहित्य घेऊन. पण कवितेनं आजवर कुणाची चूल पेटवलेली नाही. पोटासाठी मी गेली तीसेक वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. बाटल्या पुसायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलं मांडायची आणि सगळं आटोपलं की पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवायचं. मुलं मला 'चाचा' म्हणतात. तर आज मी कवितेबद्दल नाही, बाटल्यांबद्दल बोलणार आहे. त्यातही अशा रसायनांबद्दल, जी सुरुवातीलाही नसतात आणि शेवटीही नसतात. ती मधेच असतात.

मधेच म्हणजे काय, ते आधी सांगतो. गूळ करताना काय होतं बघा. उसाचा रस हातावर सांडला तर आपण हात धुऊन टाकतो. गुळाची ढेप हातावर ठेवली तरी काही होत नाही. पण या दोहोंच्या मधे कढईत जो उकळता पाक असतो, त्याचा थेंब उडाला तर कातडी सोलून निघते. रस बाजारात मिळतो, गूळ बाजारात मिळतो. तो उकळता पाक मात्र कुणी विकत घेत नाही. तो फक्त पुढचं काहीतरी होण्यासाठी असतो. रसायनशास्त्रातही असे पदार्थ असतात. कच्चा माल एक, तयार माल दुसरा, आणि मधे एक पायरी. त्या पायरीवरच्या पदार्थाला आपण साध्या भाषेत 'मधलं रसायन' म्हणू. औषधं, रंग, कीटकनाशकं, प्लास्टिक, सगळ्यांच्या कारखान्यांत अशी मधली रसायनं असतात. ग्राहकाला त्यांचं नावही माहीत नसतं. आणि पुष्कळदा सगळ्यात तापट तीच असतात. तापट नसती तर पुढं गेलीच नसती.

तुम्ही म्हणाल, हे कारखान्यातलं झालं, गोरेगावच्या मुलांचा याच्याशी काय संबंध? आहे ना. बारावीला विज्ञान घेतलेल्या बहुतेकांनी एक प्रयोग केलेला असतो किंवा निदान पाहिलेला असतो. ॲनिलीन नावाचं एक तेलकट द्रव्य असतं. ते विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, बर्फात बुडवून थंडगार करायचं आणि त्यात सोडियम नायट्राइटचं थंड द्रावण थेंब थेंब घालायचं. आता त्या नळीत जे तयार झालं ते डायझोनियम. ते लगेच बीटा-नॅफ्थॉलच्या थंड द्रावणात ओतायचं. क्षणात भगवा-लाल रंग उमटतो. मुलं 'अरे वा' म्हणतात. मी गेली तीस वर्षं तो रंग बघतो आहे, आणि अजूनही माझ्या तोंडून मनातल्या मनात 'वा' निघतं.

या प्रयोगातलं डायझोनियम हे अस्सल मधलं रसायन. त्याचं सगळं आयुष्य बर्फात, तेही दोन-चार मिनिटांचं. शून्य ते पाच अंश सेल्सिअस, त्यापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही. वर गेलं की ते फुटतं, नायट्रोजन वायूचे बुडबुडे येतात, रंगाच्या जागी काळपट घाण उरते. आणि कुणी हौसेनं ते गाळून, वाळवून, बाटलीत भरून ठेवायचं ठरवलं, तर कोरड्या अवस्थेत त्यातली पुष्कळशी संयुगं नुसत्या घासण्यानं किंवा धक्क्यानं स्फोट करू शकतात. म्हणून जाणत्यांनी नियम घालून दिला आहे: हवं तेवढंच करा, थंड ठेवा, लगेच वापरा, साठवू नका. हा नियम मी आमच्या सरांकडून ऐकला तेव्हा मला तो फक्त एका प्रयोगाचा नियम वाटला होता. त्याची खोली मला पुढं कळली.

आधी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढं बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी नवीन होतो तेव्हा कपाटातल्या सगळ्या बाटल्या मी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावल्या. बी.ए. झालेला माणूस, ग्रंथालयाची सवय. मोठ्या अभिमानानं सरांना दाखवायला नेलं. सरांनी कपाट उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. नायट्रिक ॲसिडच्या शेजारी मी नायट्रोबेंझीन ठेवलं होतं. अक्षरं जवळची, पण स्वभाव असा की दोन्ही बाटल्या फुटून एकत्र झाल्या तर स्फोटक मिश्रण तयार व्हायचं. सर म्हणाले, "अहो, हा शब्दकोश नाही. इथं नात्यानं नाही, वैरानं जागा ठरवायची. कुणाचं कुणाशी पटत नाही ते बघायचं." त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कपाट पुन्हा लावलं. आम्लं खालच्या फळीवर, म्हणजे फुटली तरी डोळ्यांच्या उंचीवरून अंगावर येणार नाहीत. पेट घेणारी द्रव्यं वेगळी, विस्तवापासून लांब. ॲनिलीन वेगळं, कारण ते नुसतं कातडीतून शरीरात जातं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं, ओठ-नखं निळी पडतात.

ही चूक वेळेत सुधारली. दुसरी सुधारली नाही.

1996 सालचा पावसाळा. सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या बाटलीच्या तोंडाला तडा गेलेला मला संध्याकाळी दिसला. तळाशी थोडंच आम्ल उरलं होतं. सर गेले होते. मी ते एका थंड पेयाच्या रिकाम्या, स्वच्छ, कोरड्या बाटलीत ओतलं आणि मोरीजवळच्या ओट्यावर ठेवलं. वर चिठ्ठी लावली नाही. म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या सकाळी पहिलं काम हेच. चालतं.

सकाळी माझ्याआधी झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. बाटलीत त्यांना पाण्यासारखं काहीतरी दिसलं. पोरांनी पिऊन टाकलेली बाटली असेल म्हणून त्यांनी ती विसळायला नळाखाली धरली. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं की एवढी उष्णता निघते की वरचं पाणी तिथल्या तिथं उकळतं आणि आम्लासकट बाहेर उडतं. म्हणूनच पहिल्या दिवशी मुलांना शिकवतात की आम्ल हळूहळू पाण्यात घालावं, पाणी आम्लात कधीही घालू नये. मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी शिकायची गरजही नव्हती. बाटलीवर नाव असतं तर त्यांनी तिला हातच लावला नसता.

मी दारातून आत येत होतो. किंकाळी ऐकली. मनगटावर आणि कोपरापर्यंत आम्ल उडालं होतं. देवाची मेहेरबानी की डोळे वाचले. मी त्यांचा हात धावत्या नळाखाली धरला. एकानं दंतमंजन आणलं, दुसरा म्हणाला खायचा सोडा चोळा, तिसरा चुना आणायला धावला. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, "काही लावू नका. फक्त पाणी. भरपूर पाणी. घड्याळ लावून वीस मिनिटं." आम्लावर आम्लारी चोळलं तर त्या क्रियेची उष्णता आणखी भाजते, हे मला तेव्हा कळलं. हातातल्या बांगड्या काढल्या, भिजलेली बाही कापून काढली, कारण कापडात मुरलेलं आम्ल जाळतच राहतं. मग दवाखान्यात नेलं.

मावशींचा हात बरा झाला, पण मनगटावर चार बोटं रुंद असा डाग कायमचा राहिला. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला वाटलं पानीच आहे जी." मला कुणी काही विचारलं नाही. कुठल्या वहीत नोंद झाली नाही. मावशींनी तर माझं नावसुद्धा घेतलं नाही. मित्रहो, कुणीतरी रागावलं असतं तर बरं झालं असतं. कवितेला शीर्षक नसलं तरी चालतं. बाटलीला चालत नाही. ही गोष्ट मी एका बाईच्या मनगटावर शिकलो.

त्या दिवसापासून मला दोन गोष्टींची भीती वाटते. एक, नाव नसलेली बाटली. दुसरी, 'चालतं' हा शब्द.

आता भोपाळकडे येतो. 1984 च्या डिसेंबरमध्ये मी शाळकरी मुलगा होतो. आमचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं आणि अब्बांचा रेडिओ त्या दुकानात दिवसभर चालू असायचा. त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा बातम्या ऐकणारी माणसंच जास्त. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांचं मध्य प्रदेशाशी येणंजाणं, सोयरिकी. प्रत्येक जण विचारत होता, कोणता वायू? रेडिओवर एक नाव आलं: मिथाईल आयसोसायनेट. मला त्या शब्दाचा नाद आवडला. मी तो वहीत लिहून ठेवला. हजारो माणसं ज्यानं मेली त्या शब्दाचा नाद मला आवडला होता, याची आज लाज वाटते. पण खरं ते सांगितलं पाहिजे. पुढं अनेक वर्षांनी आमच्या सरांनी मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला, आणि तेव्हा कळलं की तेही एक मधलंच रसायन होतं.

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 'सेविन' नावाचं कीटकनाशक तयार होई. त्याचं शास्त्रीय नाव कार्बारिल. फॉस्जीन आणि मिथाईलअमीन यांच्यापासून मिथाईल आयसोसायनेट, आणि त्याची अल्फा-नॅफ्थॉलशी गाठ घातली की कार्बारिल. आमच्या प्रयोगात बीटा-नॅफ्थॉल, तिथं अल्फा-नॅफ्थॉल, एकाच घरातले दोन भाऊ. शेतकऱ्याला दुकानात सेविन मिळायचं. मिथाईल आयसोसायनेट दुकानात कधीच मिळालं नाही, म्हणून कारखान्याच्या भिंतीला लागून झोपणाऱ्या माणसालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

हे द्रव्य 39 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात सावलीत ठेवलं तरी उकळेल. त्याचा वायू हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड, म्हणून तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि लहान मुलांच्या नाकाशी आधी पोचतो. कामगारांसाठी त्याची जी सुरक्षित मर्यादा मानली जाई ती हवेच्या दहा लाख भागांत 0.02 भाग, इतकी कमी. पाण्याशी त्याचं वैर. पाणी मिळालं की तापतं आणि तापलं की आणखी वेगानं तापत जातं. असं द्रव्य शून्य अंशाजवळ थंड ठेवायचं म्हणून तिथं शीतयंत्रणा होती. ती काही महिने आधीच बंद केलेली होती. निसटलेला वायू धुऊन निरुपद्रवी करण्याची यंत्रणा होती, ती त्या रात्री पुरी पडली नाही. वायू जाळून टाकण्याचा मनोरा होता, त्याचा नळ दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे होते, ते वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. आणि 610 क्रमांकाच्या एकाच टाकीत सुमारे 40 टन द्रव्य साठवलेलं होतं. 2 डिसेंबरच्या रात्री त्या टाकीत पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर पुढं पुष्कळ वाद झाले. पण ते शिरल्यावर काय होणार यावर वाद नव्हता. ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात आधीच लिहिलेलं होतं.

सरकारी हिशेबानं मृतांचा आकडा पुढं 5,295 वर गेला, आणि बाधितांचा साडेपाच लाखांच्या वर. भोपाळमधल्या संघटना मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. त्या रात्री कुणी पळालं, कुणी घरात राहिलं. पळताना श्वास खोल जातो, म्हणून पळणाऱ्यांच्या छातीत वायूही जास्त गेला. ज्यांनी ओलं फडकं नाकातोंडावर धरलं त्यांच्यातल्या काहींना त्याचा आधार झाला, कारण हा वायू पाण्यात विरघळून निकामी होतो. एवढी एक ओळ वस्त्यांमध्ये आधी कुणी सांगून ठेवली असती तर! राजकुमार केसवानी नावाचे भोपाळचे पत्रकार 1982 पासून लिहीत होते की या शहरावर संकट आहे. त्याआधी 1981 च्या डिसेंबरमध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीननं एका कामगाराचा जीव गेला होता. म्हणजे बाटलीवर चिठ्ठी लावणारा एक माणूस होता. पण ती चिठ्ठी कुणी वाचली नाही.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न असा की एवढं साठवायचं कशाला? मधलं रसायन म्हणजे मधली पायरी. पायरीवर कुणी बिऱ्हाड करत नाही. ट्रेव्हर क्लेट्झ नावाचे ब्रिटिश अभियंते भोपाळच्या आधीपासून, 1978 पासून, सांगत होते की जे तुमच्याजवळ नाहीच ते गळणारही नाही. धोकादायक द्रव्य साठवून त्याभोवती पहारे बसवण्यापेक्षा ते साठवूच नका. लागेल तेवढंच करा आणि लगेच वापरून टाका. भोपाळनंतर काही कारखान्यांनी तसं केलंही. कार्बारिल तर मिथाईल आयसोसायनेट न वापरता दुसऱ्या मार्गानंही करता येतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात मात्र या द्रव्याचे साठे पुढंही राहिले. 2008 मध्ये तिथल्या कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार मेले, तेव्हा त्या साठ्याच्या टाकीला धक्का लागला नाही म्हणून निभावलं. 2011 मध्ये तिथलं ते उत्पादन थांबलं. खुद्द भोपाळच्या आवारात पडून राहिलेला 337 टन कचरा पीथमपूरला हलवायला 2025 साल उजाडलं. ती घाण उचलायला चाळीस वर्षं.

आपल्या महाराष्ट्रातही हे लांबचं नाही. 26 मे 2016 रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मोठा स्फोट झाला, 12 माणसं गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशीत ज्या रसायनाचं नाव पुढं आलं ते होतं प्रोपार्जिल क्लोराईड. तेही मधलंच रसायन. त्या काचांमागे राहणाऱ्यांपैकी किती जणांनी ते नाव आधी ऐकलं असेल?

आता पुन्हा गोरेगावला येतो. 2007 चा फेब्रुवारी. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर. आमचे जुने सर निवृत्त झाले होते आणि तासिकेवर एक नवीन, तरुण सर आले होते, हुशार आणि मनमिळाऊ. त्या दिवशी रंगाचा प्रयोग होता, आणि बर्फ नव्हता. त्या काळातलं भारनियमन तुम्हाला आठवत असेल. दिवसाचे कितीतरी तास वीज नाही, फ्रीजमध्ये नुसतं कोमट पाणी. मासळीवाल्याकडे गेलो, त्याचाही बर्फ संपलेला. रिकाम्या हातानं परतलो. सर म्हणाले, "राहू द्या चाचा, नळाच्या पाण्यात धरू नळ्या. एक दिवस बर्फ नसला म्हणून काय झालं? चालतं."

खरं सांगायचं तर एका परीक्षानळीत काही मोठं आक्रीत घडलं नसतं. थोडा फेस, थोडा तपकिरी धूर, रंग बिघडला असता. पण माझ्या कानात तो शब्द वाजला. मी म्हणालो, "सर, आज नको." ते हसून म्हणाले, "तुम्ही बी.ए. ना?" मी म्हणालो, "हो, बी.ए. पण आज नको." चाळीस मुलं बघत होती. परिचरानं सरांना नाही म्हणणं ही सोपी गोष्ट नाही. माझे पाय कापत होते. मी त्यांना बाजूला घेऊन भोपाळच्या शीतयंत्रणेची गोष्ट सांगितली, आणि म्हणालो, "सर, नळीत काही होणार नाही, मला माहीत आहे. पण ही चाळीस पोरं आज शिकून जातील की बर्फ नसला तरी चालतं. यातला एखादा उद्या कुठल्यातरी कारखान्यात टाकीपाशी उभा असेल."

सर गप्प राहिले. मग मुलांकडे वळून म्हणाले, "प्रयोग उद्या." दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं गोंदियाला गेलो आणि धानाच्या भुशात बांधलेली बर्फाची लादी पोत्यात घालून एस.टी.तून घेऊन आलो. कंडक्टरनं पोत्याचं वेगळं भाडं घेतलं आणि वर पाणी गळतं म्हणून चार शब्दही ऐकवले. पण त्या दिवशीचा रंग काय आला होता म्हणून सांगू!

मित्रहो, तुम्ही म्हणाल, आम्ही प्रयोगशाळेत जात नाही, आम्हाला याचं काय? आपला जिल्हा धानाचा. रोवणी झाली, तुडतुडे दिसले, खोडकिडा दिसला की आपण कृषी केंद्रात जातो आणि म्हणतो, "औषध द्या." बघा, विषाला आपण औषध म्हणतो. बाटलीवरचं नाव आपणच पुसतो. ते औषध घरी येतं, उरलेलं पाण्याच्या बाटलीत ओतलं जातं, आणि ती बाटली पऱ्हाटीच्या काड्यांजवळ किंवा स्वयंपाकघराच्या कोनाड्यात जाऊन बसते. माझ्या 1996 च्या बाटलीची बहीणच ती. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. डोक्याइतकी उंच वाढलेली कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन औषधांचं मिश्रण, तोंडावर फडकं नाही, हातात मोजे नाहीत. 2018 मध्ये केंद्र सरकारनं ज्या कीटकनाशकांवर बंदी घातली त्यात भोपाळचं ते कार्बारिलही होतं. आपल्या बांध्यांमध्ये वर्षानुवर्षं टाकलं गेलेलं फोरेटही 31 डिसेंबर 2020 पासून बंद झालं. जुना डबा कुणाच्या घरी अजून पडला असेल तर तो वापरू नका, फेकूही नका. कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक चौकोनी खूण असते, उभ्या हिऱ्यासारखी. तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष. पिवळा त्याहून कमी, पण तीव्रच. निळा मध्यम, हिरवा सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. घरातल्या लेकराला हा रंग दाखवून ठेवा.

बाकी नियम चारच, आणि ते प्रयोगशाळेत, शेतात, मोरीजवळ, सगळीकडे सारखेच. ज्यावर नाव नाही ते वापरायचं नाही, आणि खाण्यापिण्याच्या बाटलीत दुसरं काही भरायचं नाही. लागेल तेवढंच आणायचं, उरवून साठवायचं नाही. अंगावर काही उडालं तर आधी कपडे काढायचे आणि भरपूर धावतं पाणी घ्यायचं, निदान पंधरा-वीस मिनिटं, मग दवाखाना. चुना, सोडा, दंतमंजन काही नाही. आणि कुणी विषारी द्रव्य प्यालं तर बळजबरीनं ओकारी काढायची नाही, बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे धावायचं. बाटलीवर नाव असेल तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. भोपाळमध्ये त्या रात्री दवाखान्यात आलेल्या माणसांवर नेमका काय उतारा द्यायचा हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. हजारो रोगी, आणि बाटलीवर नाव नाही.

मावशी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. बाजाराच्या दिवशी कधी भेटतात. मी सलाम करतो, त्या थांबतात, पोराबाळांची चौकशी करतात. पदर सावरताना मनगटावरचा तो डाग दिसतो. मी दरवेळी तो वाचतो. माझ्या कुठल्याही कवितेपेक्षा तो जास्त वेळा वाचला आहे. निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली आहेत. माझ्या जागी जो मुलगा येईल त्याला मी कपाटाच्या किल्ल्या देईन, आणि सोबत चिकटपट्टीचं एक बंडल आणि शाईचं पेन देईन. म्हणेन, बाबा, रात्र झाली, पाऊस आला, घरी जायची घाई झाली, तरी आधी नाव लिही, मग जा.

तुमच्याही घरात आज एखादी नाव नसलेली बाटली असेल. हे भाषण संपलं की उठून तेवढी एक बघा.

खुदा हाफिज, नमस्कार.